आधी ऊब, मग दूध

रस्त्यावर पिल्लू सापडलं की आपण पहिली धाव घेतो ती फ्रीजकडे. दूध काढायचं, कोमट करायचं, बशीत ओतायचं आणि पिल्लाचं तोंड त्यात बुडवायचं. ह्यात माया असते, आणि पुष्कळदा ह्यातच पिल्लू जातं. मी घरी आणलेलं पहिलं पिल्लू असंच गेलं. पावसात भिजून थंडगार झालेलं, मुठीत मावेल एवढं. मी त्याला बाळासारखं उताणं धरलं आणि ड्रॉपरने दूध पाजलं. थोडं नाकातून बाहेर आलं. रात्रभर त्याच्या छातीत घुरघुर चालू होती आणि पहाटे ती थांबली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आधी ऊब, मग दूध. उलटं केलं की असं होतं.”

गेली काही वर्षं मी हे वाक्य भेटेल त्याला सांगत असते. त्यात नुसतं वैद्यक नाही, खर्चाचं गणितही आहे. अगदी लहान पिल्लाला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी स्वस्त असतात, काही तर फुकट. फक्त त्या क्रमाने आणि वेळेवर व्हायला हव्यात. क्रम चुकला की न्युमोनिया होतो. लस चुकली की सलाईन, रोजची इंजेक्शनं आणि हजारांतलं बिल. “एवढे पैसे कुठून आणायचे” म्हणून माणसं पिल्लू उचलायलाच घाबरतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मागच्या नोव्हेंबरात आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका सकाळी पुठ्ठ्याचं खोकं घेऊन दारात उभे राहिले. “ताई, चार आहेत. एक काही हालत नाहीये.” मी आधी विचारलं, “आई कुठंय?” आपल्याकडे पावसाळा सरला की कुत्र्या वितात आणि ऐन थंडीत पिल्लं कोपऱ्याकोपऱ्यांत दिसायला लागतात. एकटी दिसणारी सगळी पिल्लं पोरकी नसतात. आई पोट भरायला गेलेली असते. माणसं भोवती उभी राहिली तर ती जवळ येत नाही, लांबून बघत राहते. पिल्लं कोरडी, गरम, एकमेकांना चिकटून शांत झोपलेली असतील तर त्यांना हात न लावता दोन-तीन तास लांबून लक्ष ठेवावं. आईच्या दुधाची, अंगाच्या उबेची आणि चाटण्याची बरोबरी कुठलाच दवाखाना करू शकत नाही. जन्मल्यावर पहिल्या दिवसात जो चीक मिळतो त्यातूनच पिल्लाला रोगांशी लढायची पहिली शिदोरी मिळते. अशा वेळी आईला पोटभर अन्न-पाणी नेऊन देणं हाच सगळ्यात स्वस्त उपचार. पण ह्या चौघांची आई रात्री डंपरखाली गेली होती. काकांनीच तिला बाजूला केलं होतं.

कोलकात्याच्या ‘आयसर’मधल्या संशोधकांचा 2016 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या 95 वेतांमधली 364 पिल्लं पाहिली. त्यांतली स्वतः पिल्लं घालण्याच्या वयापर्यंत पोचली फक्त 19 टक्के. आणि जी मेली, त्यांतल्या 63 टक्के मृत्यूंमागे थेट किंवा आडून माणूस होता. पाचातलं एक जगतं. हा आकडा मनात ठेवून खोक्यात डोकावलं की हात जास्त काळजीने चालतात.

चौघांचे डोळे नुकतेच उघडले होते. पिल्लाचे डोळे दहाव्या ते चौदाव्या दिवशी उघडतात, कान त्यानंतर थोड्या दिवसांनी, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बारीक दात हाताला लागतात. म्हणजे ही साधारण दोन आठवड्यांची. मी त्यांना स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवलं: 520, 510, 490 आणि न हालणारं 310 ग्रॅम.

ह्या 310 ग्रॅमच्या जिवात रक्त किती असेल? शरीराच्या दर किलोला सुमारे 80 ते 90 मिलि धरलं तर 25 ते 28 मिलि, म्हणजे चहाचे पाच-साडेपाच चमचे. अंगावर पंधरा-वीस पिसवा आणि दोन गोचिड्या एवढ्यावर रक्तक्षय होऊ शकतो तो ह्यामुळेच. हिरड्या बघाव्यात. गुलाबी असतील तर बरं, पांढऱ्या पडल्या असतील तर त्याच दिवशी डॉक्टर. पिसवांसाठी बारीक दातांचा कंगवा, साधा सौम्य साबण, कोमट पाणी, आणि लगेच कोरडं करणं, एवढंच ह्या वयाला चालतं. मोठ्या कुत्र्यांचे पिसवांचे थेंब आणि पावडरी पिल्लाला विष ठरू शकतात. रॉकेल, फिनेल, डांबरगोळ्या हे “घरगुती उपाय” मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत. ते पिसवांच्या आधी पिल्लाला मारतात.

आता ऊब. मोठ्या कुत्र्याच्या अंगाचं तापमान साडेअडतीस अंशांच्या आसपास असतं. पिल्लाचं पहिल्या आठवड्यात 35 ते 37 च असतं, आणि ते टिकवणं त्याच्या हातात नसतं. अगदी नवजात पिल्लाला नीट कुडकुडताही येत नाही. म्हणून ते निपचित पडतं आणि आपल्याला वाटतं, झोपलंय. थर्मामीटर 35 च्या खाली उतरला की आतड्यांची हालचाल मंदावते. मग पोटात गेलेलं दूध पचत नाही, तसंच पडून राहतं. गिळण्याची ताकदही नसते, त्यामुळे ते श्वासनलिकेत उतरतं. माझ्या पहिल्या पिल्लाचं हेच झालं होतं.

ऊब द्यायला काही विकत आणावं लागत नाही. बाटलीत गरम पाणी भरून ती जाड टॉवेलात गुंडाळायची आणि खोक्याच्या एका बाजूला ठेवायची. दुसरी बाजू मोकळीच ठेवायची, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकायला जागा राहते. पाणी दोन-दोन तासांनी बदलायचं. पहिल्या आठवड्यात खोक्यातली हवा 30 ते 32 अंश असावी, पुढच्या आठवड्यांत हळूहळू कमी. गार पडलेल्या पिल्लाला एकदम तापवू नये. तास-दोन तासांत सावकाश ऊब यावी. काहीच नसेल तर सदऱ्याच्या आत, छातीशी. आमच्या काकांनी त्या लहानग्याला स्वेटरच्या आत तासभर धरलं होतं, ड्युटीच्या खुर्चीवर बसून. तासाभराने ते बारीक आवाजात कुंईं करून ओरडलं. तोंडात बोट दिलं तर ओढ लागली. मग मी हिरड्यांना साखरेचं पाणी चोळलं. एवढ्याशा यकृतात साखरेचा साठा काही तासांचाच असतो आणि उपाशी पिल्लाची साखर भराभर उतरते. दूध त्यानंतर.

आणि दूधही कसलं? कुत्रीच्या दुधात प्रथिनं सुमारे 7-8 टक्के आणि स्निग्धांश 9-10 टक्के असतात. गाईच्या दुधात ह्याच्या निम्म्यानेही नाहीत, उलट दुधातली साखर जास्त. म्हणून गाईच्या दुधावरचं पिल्लू भुकेलं राहतं, वर त्याला जुलाबही होतात. म्हशीचं दूध घट्ट असलं तरी पुरेसं नाही. पिल्लांसाठी दुधाची पावडर मिळते, तीच आणावी. ह्या सगळ्या खटाटोपात मी ज्यावर डोळे मिटून पैसे खर्च करते ती हीच. रात्री-बेरात्री दुकान बंद असेल तर उकळून कोमट केलेल्या कपभर दुधात अंड्याचा पिवळा बलक फेटून एखादी रात्र काढता येते, त्याहून जास्त नाही.

पाजताना पिल्लू पोटावर, आईला पितं तसं, मान किंचित वर. उताणं कधीच नाही. पोटात एका वेळी मावतं ते दर 100 ग्रॅम वजनाला 4 मिलिच्या आसपास. म्हणजे 310 ग्रॅमच्या पिल्लाला 12 मिलि. बशीभर दूध म्हणजे त्याच्यासाठी पिंपच. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. तिसऱ्या आठवड्यापर्यंत चार-पाच तासांनी. मग एक गोष्ट, जी कुणी सांगितली नाही तर कळतच नाही: तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःहून शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हा होतं. आपण दर पाजण्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने तिथे हळूहळू पुसायचं. ह्याच वेळी लघवीचा रंगही दिसतो. फिकट, जवळजवळ पाण्यासारखी हवी. गडद पिवळी झाली तर शरीरातलं पाणी कमी पडतंय. मोठ्या कुत्र्याची कातडी ओढून बघतात तशी परीक्षा ह्या वयात भरवशाची नसते, पण लघवी खोटं सांगत नाही.

चौथ्या आठवड्यात मऊ शिजवलेला भात, अंडं, बारीक केलेलं चिकन असं सुरू करता येतं, आणि दुधाच्या पावडरीचा खर्च संपायला लागतो. ग्लुकोजची बिस्किटं मात्र अन्न नव्हे. मैदा आणि साखर. चहाच्या टपरीवर प्रेमाने चारली जातात हे मला माहीत आहे, पण वाढत्या जिवाला त्यात काही नाही.

मी एका जुन्या वहीत चौघांचं वजन रोज सकाळी त्याच वेळी लिहायला लागले. ही वही दाखवली तेव्हा डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडची पशुवैद्यकीय व्यवस्था उभी राहिली ती राबणाऱ्या जनावरांसाठी. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय 1880 च्या दशकातलं. मुंबईकर त्याला आजही ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात, कारण शहर तेव्हा बैल आणि घोड्यांवर चालत होतं. त्याच आवारात 1886 मध्ये मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पुढे दुभती जनावरं आली. गावोगावचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आजही मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्या बघतात. जिथे सकाळी 400 किलोच्या म्हशीला इंजेक्शन दिलं, तिथे दुपारी 310 ग्रॅमचं पिल्लू येतं. हजारपटीहून जास्त फरक. औषध अंदाजाने दिलं तर एका थेंबाचा फरकही महागात पडू शकतो. आपण ग्रॅममध्ये वजन सांगितलं की डॉक्टरांचं निम्मं काम सोपं होतं. निरोगी पिल्लाचं वजन रोज वाढतंच. एक दिवस थांबलं तर लक्ष द्यायचं, कमी झालं तर दवाखाना.

दवाखाना कुठला? सरकारी दवाखाना फक्त जनावरांचा, असं समजून माणसं तिथे जातच नाहीत. तिथे कुत्री-मांजरंही बघतात. केसपेपरचे थोडेच पैसे पडतात आणि साधी औषधं असतील तर तिथेच मिळतात. जिल्ह्याच्या ठिकाणी मोठी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयं आहेत, पुण्यात औंधला आहे. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात प्राध्यापक आणि शिकणारी मुलं मिळून तपासतात. वेळ लागतो, पण शिकणारी मुलं एका पिल्लाकडे जितकं बारकाईने बघतात तितकं गर्दीच्या खासगी दवाखान्यात क्वचितच कुणी बघतं. आणि खासगी डॉक्टरांना सरळ सांगावं: “रस्त्यावरचं पिल्लू आहे, माझ्याकडे इतकेच पैसे आहेत, ह्यात सगळ्यात आधी काय करायचं?” मी हा प्रश्न अनेकांना विचारला आहे. बहुतेकांनी चिठ्ठीवरची दोन नावं खोडली आणि एकाखाली रेघ मारली. हे विचारण्यात कमीपणा नाही.

रेघ बहुधा जंताच्या औषधाखाली असते. कुत्र्यांमधला गोलकृमी आईच्या पोटातच पिल्लात शिरतो, अंकुशकृमी आईच्या दुधातून येतो. रस्त्यावरचं जवळजवळ प्रत्येक पिल्लू जंत घेऊनच जन्मतं असं धरून चालावं. पोट नगाऱ्यासारखं, बरगड्या मोजता येतील अशा, आणि लोक म्हणतात, “खाऊन खाऊन गोल झालंय.” पायरँटेलसारखं जुनं, स्वस्त औषध दोन आठवड्यांचं झाल्यावर सुरू करतात आणि दर पंधरा दिवसांनी दोन महिन्यांचं होईपर्यंत देतात. मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती डॉक्टरांकडूनच घ्यावी. आमच्या तिघांना त्याच दिवशी डोस मिळाला. लहानग्याचा डॉक्टरांनी आठवडाभर थांबवला. आधी अंगात ताकद येऊ दे, म्हणाले. दुसऱ्या दिवशी खोक्यात शेवयांसारखे जंत पडले होते. हे जंत माणसाच्या मुलांनाही त्रास देऊ शकतात, तेव्हा हात साबणाने धुणं हा उपचाराचाच भाग समजायचा.

आणि मग पार्वो. पिल्लं सांभाळणाऱ्यांना हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. हा विषाणू जगाला 1978 मध्ये पहिल्यांदा कळला आणि थोड्याच काळात सगळीकडे पसरला. तो भराभर वाढणाऱ्या पेशींवर बसतो, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आणि अस्थिमज्जेवर. एकीकडे रक्ताची, विशिष्ट उग्र वासाची हगवण, उलट्या, दुसरीकडे पांढऱ्या पेशी घसरलेल्या. आजारी पिल्लाची शी जिथे पडली तिथल्या जमिनीत तो महिनोन्‌महिने टिकतो, आणि चपलेला चिकटून घरात येतो. फिनेलने तो मरत नाही. आधी जागा धुऊन, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं पुसायला लागतं. म्हणूनच दवाखान्यात पिल्लू जमिनीवर सोडायचं नाही, खोक्यातच ठेवायचं. आणि नवीन पिल्लू घरातल्या इतर कुत्र्यांपासून दोन आठवडे वेगळं.

लस आहे, आणि आजाराच्या खर्चापुढे तिची किंमत फार थोडी. पण ती एकदाच देऊन भागत नाही. चिकातून आलेली आईची प्रतिकारशक्ती काही आठवडे पिल्लाचं रक्षण करते, आणि हीच शक्ती लसीलाही निष्प्रभ करते. ती नेमकी कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. मधे काही दिवस असे येतात की आईची शक्ती रोगाला पुरत नाही, पण लसीला मात्र आड येते. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिला डोस, मग दर दोन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत. तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस. सात-आठ जणांनी मिळून आपापल्या गल्लीतल्या पिल्लांना एकाच दिवशी लस द्यायची ठरवली तर बरेच डॉक्टर सवलतीत देतात. लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी, म्हणून दुकानातून आणताना बर्फाच्या डब्यात.

चौघांतलं तिसरं, 490 ग्रॅमचं, दोन महिन्यांचं झाल्यावर एका घरी गेलं. चांगली माणसं. पहिला डोस झाला होता, दुसरा राहून गेला, कारण पिल्लू इतकं धडधाकट दिसत होतं. तीन आठवड्यांनी रात्री फोन आला. उलट्या थांबत नव्हत्या. एका ठिकाणी पाच दिवस भरती करायचा खर्च ऐकून त्या बाई रडायलाच लागल्या. आमच्या डॉक्टरांनी आधी शिरेतून सलाईन देऊन त्याला सावरलं. मग रोज सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात आणून कातडीखाली सलाईन, उलटीचं इंजेक्शन, प्रतिजैविक, बाकी वेळ घरी गरम कोपऱ्यात. असं करायला आधार आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात 40 पार्वोग्रस्त कुत्र्यांवर केलेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना आधी शिरेतून सलाईन देऊन सावरलं, मग निम्मी भरती ठेवली आणि निम्म्यांवर अशा बाह्यरुग्ण पद्धतीने उपचार केले. भरती केलेल्या 20 पैकी 18 वाचली, दुसऱ्या गटातली 20 पैकी 16. भरती परवडत असेल तर भरतीच करावी. पण ती परवडत नाही म्हणून पिल्लू घरी नेऊन नुसतं बघत बसणं आणि ह्या मधल्या वाटेने जाणं, ह्यात जीवन-मरणाचं अंतर आहे. ते पिल्लू पाचव्या दिवशी चमचाभर भात खाऊन पोटात ठेवू शकलं. डॉक्टरांना “भरती परवडत नाही, दुसरी वाट आहे का” असं विचारायला त्या बाई लाजत होत्या. ती लाज जीव घेऊ शकते.

एक इशारा, ज्यात तडजोड नाही. पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. अनोळखी पिल्लाचा दात लागला, ओरखडा उठला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करायची. तिथे ती मोफत मिळते. “एवढंसं तर आहे” असं म्हणू नये.

तीन पिल्लं घरोघरी गेली. चौथी, ते न हालणारं 310 ग्रॅम, काकांच्या केबिनमध्येच राहिली. स्वेटरची ऊब तिला सोडवत नसावी, किंवा काकांना. माझी वही त्यांनी मागून घेतली आणि अधूनमधून त्यात वजन लिहीत राहिले, आधी माझ्या काट्यावर, मग किराणा दुकानातल्या. सात महिन्यांची झाल्यावर महापालिकेच्या नसबंदी केंद्रात तिचं ऑपरेशन झालं. भूल उतरल्यावर ती डुलत बाहेर आली, कानाला ओळखीची खाच. काकांनी पायरीवर बसून खिशातून पेन काढलं आणि वहीत 310 ने सुरू झालेल्या आकड्यांच्या खाली लिहिलं: 11.4 किलो, रेबीजची लस दिली, भात खाल्ला.